साडेसातची बस मागायची कशी? गोव्यातल्या नवख्या प्रवाशांसाठी

"बससेवा सुधारा" या मागणीला आजवर कुठल्याच मंत्र्याने नकार दिलेला नाही. सगळेच मान डोलावतात, पेपरात बातमीही येते, आणि आपण पुन्हा त्याच तिस्कावर, म्हणजे तिठ्यावर, त्याच उन्हात बसची वाट बघत उभे. पण "सावई वेऱ्याहून सकाळी साडेसातला सुटून सव्वाआठच्या आत फोंड्याला पोचणारी बस सोमवार ते शनिवार द्या" असे कागदावर लिहून दिले, की कोणाला तरी त्या कागदावर हो किंवा नाही असा शेरा मारावा लागतो. हा लेख या दुसऱ्या प्रकारच्या मागणीसाठी आहे. फोंडा तालुका डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे, कारण माझे येणेजाणे तिथले. फोंडा शहराला रेल्वे नाही, त्यामुळे गाडी नसलेल्या माणसाला बसशिवाय गत्यंतर नाही. डिचोली, पेडणे, सांगे, काणकोण, कुठेही हीच रीत चालेल. सावई वेरे या तालुक्यातल्या गावाचे उदाहरण निव्वळ समजण्यापुरते घेतले आहे.

आधी बस कोणाची ते बघा

तक्रार भलत्या टेबलावर गेली की तिथेच मुरते. म्हणून सुरुवात इथून.

कदंब परिवहन महामंडळ ही १९८० साली स्थापन झालेली सरकारी कंपनी, मुख्यालय पर्वरीला. परराज्यांत जाणाऱ्या गाड्या, पणजी-मडगाव, पणजी-वास्को, पणजी-म्हापसा अशा मधे न थांबणाऱ्या शटल आणि काही गावांच्या फेऱ्या कदंबकडे आहेत. गावोगावच्या बाकी बहुतेक फेऱ्या खाजगी बसमालकांच्या. हे मालक म्हणजे मोठ्या कंपन्या नव्हेत. एक-दोन बसेस असलेली, बऱ्याचदा तुमच्याच वाड्यावरची माणसे. या दोन्हींच्या मधली एक जात 'म्हजी बस' योजनेतून आली आहे : बस मालकाची, पण धावते कदंबच्या सेवेत.

कदंबची फेरी हवी असेल किंवा बंद पडली असेल तर आधी त्या डेपोचा व्यवस्थापक आणि मग पर्वरी. खाजगी बस वेळेवर येत नसेल, फेरी गाळत असेल, तर कदंबकडे जाऊन उपयोग नाही. "ती आमची नव्हे" हे उत्तर ठरलेले. तिथे वाहतूक खाते आणि जिल्ह्याचे प्रादेशिक परिवहन प्राधिकरण, म्हणजे परमिट देणारे मंडळ, यांच्याकडे जायचे. बसचा थांबा कुठे असावा हे मोटार वाहन कायद्याखाली जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे आपला जिल्हाधिकारीच, अधिसूचना काढून ठरवतो. त्या थांब्यावरची शेड बांधणे हा पंचायतीचा, नगरपालिकेचा किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याचा विषय. (गोव्यात अशा शेडी पुष्कळ दिसतील. कोणाच्या निधीतून बांधली त्याचे नाव आणि फोटो ठळक, आणि बस मात्र पन्नास मीटर पुढे वडाखाली थांबते. शेड बांधणाऱ्याने थांब्याची अधिसूचना बघितलेलीच नसते.)

फेरीबोटीसाठी बेतीचे नदी परिवहन खाते. पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या मार्गावरची स्थानके कोकण रेल्वेची; वास्को-कुळे मार्ग दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाचा. मडकईच्या धक्क्यावर फेरीबोट लागते आणि बस पाच मिनिटांपूर्वीच निघून गेलेली असते, असा प्रकार असेल तर एकाच मजकुराची दोन पत्रे दोन खात्यांना द्यावी लागतात. दोन्ही पत्रांवर दुसऱ्या खात्याला प्रत दिल्याचे ठळक लिहा, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

टॅक्सीच्या वादात मात्र सुरुवातीला अजिबात पडू नका. तो वेगळाच आखाडा आहे आणि तिथे तुमची साडेसातची बस कोणाच्या लक्षातही राहणार नाही.

वही धरा

एक शंभर पानी वही आणि दोन-तीन भरवशाची माणसे, एवढ्यावर काम सुरू होते. फोटो काढाच, पण अधिकाऱ्यापुढे मोबाइल चाळत बसता येत नाही. त्याच्या फाइलीला कागद लागतो.

कामाला लागण्याआधी तिस्कावर थोडा वेळ नुसते उभे राहून बघा. बस येते, कंडक्टर "पणजी, पणजी, पणजी" असा पुकारा करत खाली उतरतो. ड्रायव्हर इंजिन गुरगुरवत गाडी दोन फूट पुढे घेतो, पुन्हा मागे घेतो. आत बसलेल्याला वाटावे, निघालीच आता. निघत नाही. मागची बस आरशात दिसली रे दिसली की मात्र एकदम सुटते आणि पुढचे दोन थांबे गाळून जाते. आत उभ्या माणसांना तोवर "फाटीं सर, फाटीं सर" करून मागे रेटलेले असते. बऱ्याच बसेसवर ड्रायव्हर-कंडक्टरची कमाई दिवसाच्या गल्ल्यावर असते, त्यामुळे पुढच्या बसला गाठणे आणि मागच्या बसला माणसे न उरू देणे हाच त्यांचा धंदा होऊन बसतो. पाठोपाठ दोन बसेस आणि मग तासभर दुकाळ, हे त्यातूनच येते. ड्रायव्हरचा स्वभाव वाईट म्हणून नव्हे. हे कळले की वहीत काय टिपायचे तेही कळते.

रकाने असे आखा : तारीख आणि वार, थांबा, बसची ठरलेली वेळ, प्रत्यक्ष आली ती वेळ, गाडीचा नंबर, पाटीवरचा मार्ग, थांबली की नाही, मागे राहिलेली माणसे. एक ओळ साधारण अशी दिसेल :

"सोमवार. वेरे बाजार. ७.३०ची, आली ७.५२ला. भरून आली, थांबली नाही. मागे राहिले ११ : कॉलेजची मुले ७, कारखान्यात जाणाऱ्या बायका ३, इस्पितळात जाणारी आजी १."

शेवटचा रकाना सगळ्यांत मोलाचा. खात्याकडे किंवा बसमालकाकडे जे आकडे असतात ते बसमध्ये चढलेल्यांचे. जो चढूच शकला नाही, कंटाळून कोणाच्या स्कूटरवर मागे बसून गेला, तो कुठल्याच हिशेबात येत नाही. "या मार्गाला प्रवासीच नाहीत" हे वाक्य तुम्हाला ऐकवले जाणार आहे; त्याला उत्तर देणारा कागद फक्त तुमच्याकडे असेल.

निदान दोन आठवडे सलग टिपा, रविवार धरून. रविवारी आणि रात्री आठनंतर खाजगी बसेस परस्पर गायब होतात ही गोव्यातली जुनी दुखणी आहेत, म्हणून शेवटच्या बसची नोंद वेगळ्या पानावर ठेवा : फोंड्याहून शेवटची बस किती वाजता सुटायला हवी होती, किती वाजता सुटली, की सुटलीच नाही. चतुर्थीचे दिवस आणि मे महिना टाळा. त्या काळात अर्धा गोवा वेगळ्याच वेळापत्रकावर चालतो आणि तुमचे आकडे कोणीही खोडून काढील.

परमिटात काय लिहिलेय?

खाजगी बसबद्दल बोलताना लोक "हे काय, मनाला येईल तेव्हा येतात" असे म्हणतात. मनाला येईल तेव्हा यायची सोय कायद्यात नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ७२ खाली परमिट देताना प्राधिकरणाला त्यावर अटी घालता येतात : दिवसाला कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती फेऱ्या, मंजूर वेळापत्रकाची प्रत गाडीत आणि ठरवून दिलेल्या थांब्यांवर लावणे, प्रवाशाला घेतलेल्या भाड्याचे तिकीट देणे. याच कलमात असेही आहे की निदान एक महिन्याची नोटीस देऊन प्राधिकरणाला परमिटाच्या अटी बदलता येतात. "परमिट एकदा दिले, आता आमच्या हातात काही नाही" असे कोणी म्हणाले तर त्याला हे कलम वाचून दाखवा.

आणखी काही कलमे खिशात असू द्यात. परमिट साधारण पाच वर्षांचे असते (कलम ८१). नूतनीकरणाचा काळ जवळ आला की तुमच्या नोंदी लेखी स्वरूपात प्राधिकरणापुढे ठेवायची ती चांगली वेळ. अटी मोडल्या तर म्हणणे ऐकून घेऊन परमिट निलंबित किंवा रद्द करता येते (कलम ८६). तिकीट न देणाऱ्या कंडक्टरला कलम १७८ खाली ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरली तर कलम १९४-अ खाली प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये. हे शेवटचे कलम मी स्वतः कधी पुढे करत नाही. गर्दीबद्दल दंड झाला की दुसऱ्या दिवशी कंडक्टर थांब्यावरच्या म्हातारीला बाहेर ठेवून जातो, आणि गाऱ्हाणे आपल्याच गावात येते. बस वाढवायची असेल तर बसवर दंड वाढवून ती वाढत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज

अटी काय आहेत हे कळायला परमिटाची प्रत हवी. ती माहिती अधिकार कायदा २००५ खाली मिळते. अर्ज वाहतूक खात्याच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकून दुसऱ्या कार्यालयात गेला तर तो योग्य ठिकाणी पाच दिवसांत पाठवणे हे त्यांचे काम आहे (कलम ६(३)), तुम्हाला हेलपाटे घालायला लावणे हे नव्हे.

नवखे लोक अर्जात "बस वेळेवर का येत नाही?" असे विचारतात. या कायद्यात कारणे मिळत नाहीत, कागद मिळतात. म्हणून कागदच मागा :

१. फोंडा-सावई वेरे मार्गावर सध्या चालू असलेल्या सर्व परमिटांची यादी, गाडीच्या नंबरासह.

२. प्रत्येक परमिटाला मंजूर केलेल्या सुटण्याच्या वेळा आणि परमिटाच्या अटींची प्रत.

३. प्रत्येक परमिटाची मुदत संपण्याची तारीख.

४. गेल्या दोन वर्षांत या मार्गावरच्या गाड्यांवर अटी मोडल्याबद्दल झालेल्या कारवाईच्या आदेशांच्या प्रती.

एवढे पुरे. वीस प्रश्नांचा अर्ज बघितला की कारकुनाचा चेहरा पडतो आणि माहिती "गोळा करण्याचे काम चालू" राहते. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा अर्धवट आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे. तिथेही समाधान झाले नाही तर ९० दिवसांत दुसरे अपील गोवा राज्य माहिती आयोगाकडे.

अर्ज टाकण्याआधी एक सोपी गोष्ट करा. विधानसभेत आमदारांनी विचारलेल्या प्रश्नांची लेखी उत्तरे विधानसभेच्या संकेतस्थळावर ठेवलेली असतात. कदंबच्या बसेस किती, कुठल्या मार्गावर फेऱ्या बंद केल्या, यावर दर अधिवेशनात कोणी ना कोणी विचारतेच. तुम्हाला हवी ती यादी तिथे आयती पडलेली असण्याचा संभव आहे.

परमिटाची प्रत आणि वही शेजारी शेजारी ठेवलीत की काम अर्धे झाले. मग दिसते की साडेसातची फेरी कागदावर आहे, रस्त्यावर नाही. किंवा ती कागदावरही नाही. या दोन गोष्टींचे मार्ग वेगळे. पहिलीत अंमलबजावणी मागायची, दुसरीत नवी फेरी. पहिली मागणी कितीतरी सोपी, कारण ती देण्यासाठी कोणाला पैसा काढावा लागत नाही.

बसमालकाशी आधी बोला

हे पाऊल बहुतेक जण गाळतात आणि मग वर्षभर भांडत बसतात. अर्ज देण्याआधी मालकाला भेटा. त्याचीही गाऱ्हाणी असतात : डिझेल, विमा, टायर, अडकलेले अनुदान, आणि मुख्य म्हणजे स्कूटरवर गेलेला प्रवासी. गोव्यात नोंदणी झालेली वाहने माणसांपेक्षा जास्त झाली आहेत. त्यातल्या कितीतरी स्कूटरी "संध्याकाळी मुलगी घरी कशी येणार" या एका प्रश्नापोटी घेतलेल्या असतात. बस नाही म्हणून स्कूटर, स्कूटर आली म्हणून प्रवासी कमी, प्रवासी कमी म्हणून मालक फेरी गाळतो. या चक्रात मालकही अडकलाय, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकायला मिळाले तर तो बोलता होतो.

कधी कधी मंजूर वेळच आता चालण्याजोगी राहिलेली नसते. परमिट मिळाले तेव्हा जो रस्ता वीस मिनिटांत संपे, तिथे आता पस्तीस लागतात. मग एक फेरी गाळल्याशिवाय पुढची गाठता येत नाही. अशा वेळी वेळ बदलण्याचा अर्ज मालकाने करावा आणि प्रवाशांनी त्याला लेखी पाठिंबा द्यावा. मालक आणि प्रवासी एका कागदावर सही करून आले, हे बघायची प्राधिकरणाला सवय नाही. तो अर्ज लवकर वर येतो.

मालक ऐकतच नसेल, तर त्याला सांगून मग तक्रार करा. चोरून केलेली तक्रार गावात दोन दिवसांत फुटते.

माणसे कुठली जमवायची

फोंडा तालुक्यात मला चार दारे दिसतात. फर्मागुढीची आणि फोंडा शहरातली कॉलेजे. कुंडई, बेतोडा, मडकई या औद्योगिक वसाहतींत पाळीवर जाणारे कामगार, त्यांत बायका पुष्कळ. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, जाणारे रुग्ण, ज्यांना सकाळी ओपीडीच्या वेळेआधी पोचायचे असते आणि पणजीला बस बदलावी लागते. आणि म्हातारी माणसे, ज्यांचा मंगेशी-म्हार्दोळचा सोमवार-रविवार कोणीतरी स्कूटरवर नेईल तरच होतो.

या चौघांच्या वेळा वेगळ्या असतात आणि तिथेच भांडण होते. कॉलेजला साडेसातची हवी, कामगारांना पावणेसातची. बाहेर जाण्याआधी घरात निकाल लावा. दोन वेळा मागितल्या की अधिकारी म्हणतो, "आधी तुमचे ठरवा." माझा अनुभव असा की जिथे मागे राहिलेल्यांचा आकडा मोठा, ती वेळ पहिली मागावी आणि दुसऱ्या गटाला लेखी शब्द द्यावा की यानंतर तुमची.

घरात तीन गाड्या असलेला शेजारी सहीला टाळाटाळ करील. त्याला स्वतःसाठी मागू नका, त्याच्या आईसाठी मागा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा, पण त्यात सुप्रभात टाकणाऱ्याला पहिल्याच दिवशी बाहेर काढा.

अपंग प्रवासी गावात असेल तर त्याला सोबत घ्याच, आणि नुसते दाखवायला नव्हे. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम ४१ मध्ये सुगम वाहतुकीची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. थांब्याची उंची, रस्त्यापासून शेडपर्यंतची वाट, हे मुद्दे तोच नेमके सांगू शकतो.

ग्रामसभा

पंचायत बस सुरू करू शकत नाही. तरीही ग्रामसभेचा ठराव हवा, कारण तो जोडला की तुमचा अर्ज चार टाळक्यांचा न राहता गावाचा होतो. गोव्यात ग्रामसभा रविवारी भरते. विषय सभेच्या काही दिवस आधी पंचायत सचिवाकडे लेखी द्या आणि प्रतीवर शिक्का घ्या. ऐन वेळी उठून मांडलेला विषय "पुढच्या सभेला घेऊ" यात जातो. सरपंचाला आणि तुमच्या वाड्याच्या पंचाला आदल्या दिवशी घरी जाऊन सांगा. त्यांना सभेत अचानक कोंडीत पकडले असे वाटले की चांगला ठरावही अडतो.

सभेत जमीन रूपांतर, कचरा, डोंगरकापणी हे विषय आधी येतात आणि तापतात. बसचा विषय येईपर्यंत एक वाजून जातो, आणि रविवारी त्या वेळेला सगळ्यांना घरचे हुमण, म्हणजे माशांची आमटी, आठवते. म्हणून विषय वरच्या क्रमांकावर घ्यायला सचिवाला आधीच विनंती करा आणि मांडायला दोन मिनिटांपेक्षा जास्त घेऊ नका. ठराव तयार लिहून न्या :

"सावई वेरे-फोंडा मार्गावर सकाळी ७.३० वाजता सुटणारी बसफेरी सोमवार ते शनिवार नियमित चालावी, तसेच या मार्गावरील सर्व बसेसचे मंजूर वेळापत्रक वेरे बाजार थांब्यावर लावावे, अशी मागणी ही ग्रामसभा वाहतूक खात्याकडे करते. ठरावाची प्रत प्रादेशिक परिवहन प्राधिकरण, कदंब परिवहन महामंडळ आणि स्थानिक आमदार यांना पाठवावी."

वेळापत्रकाचा मुद्दा मुद्दाम घातला आहे. पहिल्या कागदात एक तरी मागणी फुकटची असावी, जी मान्य करायला कोणाला काही झीज नाही. ती मिळाली की गावातल्या शंकेखोरांची तोंडे बंद होतात. आणि थांब्यावर वेळापत्रक लागले की बस चुकली की गाळली, हे प्रत्येकाला कळायला लागते. वही धरणारे हात आपोआप वाढतात.

बस वाटेत ज्या पंचायतींच्या हद्दीतून जाते, तिथेही हाच ठराव, शब्द न बदलता, घेता आला तर उत्तम. फोंडा शहरात थांबा किंवा शेड हवी असेल तर नगरपालिकेच्या नगरसेवकाकडे जावे लागेल. तिथे ग्रामसभा नाही. थांबा फोंडा-पणजी रस्त्यावर हवा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग ७४८ आहे हे लक्षात ठेवा आणि बांधकाम खात्याच्या महामार्ग विभागालाही प्रत द्या.

अर्ज द्यायचा आणि मागे लागायचे

अर्ज एका पानाचा. वर मागणी, खाली वहीतला सारांश चार ओळींत, त्याखाली जोडलेल्या कागदांची यादी : ठराव, नोंदींचा तक्ता, परमिटाची प्रत, सह्या. मराठीत लिहायला संकोच नको. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीच्या सरकारी वापरालाही जागा आहे. वास्को-कुळे मार्गाबद्दल रेल्वेला पत्र असेल तर इंग्रजी प्रत जोडा, फाइल हुबळीला जाते.

अर्ज खिडकीवर दिला की दुसऱ्या प्रतीवर इनवर्ड नंबर (आवक क्रमांक) आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका. पुढे फोन करताना "आमचे बसचे पत्र" असे म्हटले की कोणालाच काही सापडत नाही. नंबर सांगितला की सापडते. वरच्या साहेबापेक्षा ज्याच्या टेबलावर फाइल आहे त्या कारकुनाला विचारा, आणि नीट विचारा. फाइल का अडली हे साहेबाला शिपाई सांगतो, तुम्हाला कारकून सांगेल.

महिना-दीड महिना हालचाल नसेल तर आमदाराकडे जा. गोव्यात चाळीस मतदारसंघ, एकेक इतका लहान की आमदाराला शे-दीडशे सह्यांचे वजन कळते. त्याच्याकडे आश्वासन मागू नका, विधानसभेत प्रश्न मागा. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात उत्तर देतो, अतारांकिताला लेखी. प्रश्न तुम्हीच लिहून द्या : या मार्गावर किती फेऱ्या मंजूर, गेल्या सहा महिन्यांत किती धावल्या, न धावलेल्यांवर काय कारवाई. प्रश्नांची सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावी लागते, त्यामुळे अधिवेशन जाहीर झाल्यावर जाणे म्हणजे उशीर. प्रश्न लागला की खात्यात उत्तर तयार करायला धावाधाव होते, आणि त्या धावपळीत पुष्कळदा कामच होऊन जाते.

पेपरवाल्यांकडे आधी जाऊ नका, नंतर जा. 'नवप्रभा', 'गोमन्तक', 'तरुण भारत' यांचे वार्ताहर तालुक्यात फिरत असतात. त्यांना "लोकांचे हाल" यात नवे काही नसते. "मंजूर फेऱ्या इतक्या, धावल्या इतक्या" असा तक्ता दिला तर बातमी होते. थांब्यावर रस्ता अडवण्याची कल्पना कोणीतरी मांडीलच. त्यात अडकतो तो दुसऱ्या गावचा प्रवासी, आणि गुन्हे नोंदवले जातात ते तुमच्या कॉलेजच्या पोरांवर. मी त्याच्या विरोधात आहे. पर्वरीच्या उच्च न्यायालयात जनहित याचिका हा शेवटचा मार्ग. तिथे जाईपर्यंत तुमच्याकडे इनवर्ड नंबर असलेल्या अर्जांची चळत तयार हवी.

बस सुरू झाल्यावर

खरी कसोटी इथून पुढे. नवी फेरी चालते की तोट्यात जाते हे कदंब किलोमीटरमागच्या उत्पन्नावरून बघते, आणि ते उत्पन्न यंत्रातून निघालेल्या तिकिटांवरून मोजले जाते. म्हणून तिकीट मागून घ्या. कंडक्टर ओळखीचा आहे, सुटे पैसे नाहीत, दोनच थांबे जायचे आहे, काही असो. ज्याचे तिकीट निघाले नाही तो त्या बसमध्ये नव्हताच. पास काढलेल्या मुलांनी पास यंत्रावर नोंदवला जातो की नाही तेही बघावे.

ज्यांनी सह्या केल्या त्यांनी पहिले काही महिने तरी स्कूटर घरी ठेवून ती बस धरायला हवी. सगळे धरणार नाहीत. सह्यांच्या यादीतून कोण रोज जाऊ शकतो ते आधीच ठरवून, त्यांच्या घरच्यांशीही बोलून ठेवा. वही चालूच ठेवा. आता रकाना बदला : बसमध्ये किती चढले.

आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात डेपो व्यवस्थापकाला एक छोटे पत्र द्या. कॉलेजच्या परीक्षा संपून मुले घरी बसली की गर्दी ओसरते, आणि मे महिन्याचा आकडा बघून फेरी कापली की जूनमध्ये ती परत सुरू होत नाही. पत्रात एवढेच लिहा की सुट्टीच्या दिवसांवरून या फेरीचा निर्णय घेऊ नये, जून आणि जुलैचे आकडे बघावेत, आणि जून-जुलैची आमची वही आम्ही ऑगस्टमध्ये आणून देऊ. त्यावरही इनवर्ड नंबर घ्या.